झुंबरबाईची सवत

झुंबरबाईला सवत होती. हसू नका. लग्न होऊन ती जळगावात पिंप्राळ्याच्या घरी आली, तेव्हा ही सवत तिच्या आधीच दारामागच्या खुंटीला लटकलेली होती. खाकी कापडाची, रुंद पट्ट्याची, टपालाची थैली. नवरा वना पोस्टमन. सकाळी उठला की चहाच्या आधी थैली झटकायचा, पट्ट्याचं बक्कल फडक्याने पुसायचा, शिवणी तपासायचा. बायकोच्या पोलक्याची बाही उसवलेली या माणसाला कधी दिसली नाही. थैलीचा एक टाका निघाला, की मात्र सुईदोरा घेऊन उंबऱ्यात बसायचा.

बरं, एक थैली फाटली म्हणजे सुटका, तेही नाही. ती गेली की दुसरी यायची आणि त्याच खुंटीला लागायची. "मनी सवत मरस आनि तिनी बहीण नांदाले येस," असं झुंबरबाई शेजारणींना सांगायची. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायच्या. ती हसायची नाही. तिला खरंच जाळ व्हायचा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, कामावर जाणाऱ्या नवऱ्याचा कसला राग करतेस? राग कामाचा नव्हताच. राग होता तो वनाच्या तोंडाचा. हा माणूस घरात मूग गिळून बसायचा. "भाजी कशी झाली?" विचारलं तर "हं". "आपल्या ज्योतीला स्थळ आलंय" सांगितलं तर "बरं". आणि हाच माणूस थैली खांद्याला लावून मेहरूणच्या बीटवर टपाल वाटायला गेला, की असा बोलायचा म्हणे, की बायका चुलीवरचं दूध उतू जाऊ द्यायच्या. हे तिला लोकांकडून कळायचं. बाजारात कुणी भेटायचं, म्हणायचं, "वनाभाऊंच्या घरच्या का तुम्ही? काय गोष्टीवेल्हाळ माणूस हो!" झुंबरबाई तोंडावर हसायची आणि मेथीची जुडी उगाचच जोरात झटकायची.

जेवणाचंही तेच. डबा अर्धा परत. "भूक नही." कशी असेल? लताबाईकडे भरीत खाल्लेलं. ही लताबाई मेहरूणला पापडांचा आणि बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घरगुती धंदा करायची. तिच्याकडच्या बिबड्यांची पुडी दर उन्हाळ्यात थैलीतून घरी यायची, आणि झुंबरबाई ती पुडी फळीवर अशी काही आदळायची की निम्म्या बिबड्यांचा चुरा. स्वतः एकही तोंडात घालायची नाही. एकदाच, कुणी बघत नाही असं पाहून एक तळून खाल्ली. चांगली होती. त्याने तर अंगाचा आणखीच तिळपापड झाला.

आणि नळाची भानगड वेगळीच. पिंप्राळ्याला पाणी काही रोज येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी टाकी, हंडे, बादल्या, जे सापडेल ते भरायचं असतं. झुंबरबाई मोरीत धुणं घेऊन बसायची, नळ सोडून द्यायची आणि हात चालता चालता माहेरची आखाजीची गाणी आपसूक तोंडात यायची. तेवढ्यात वना मांजराच्या पावलांनी यायचा आणि नळ बंद करायचा. भर पाण्याच्या वेळी! "डोकं फिरनं का? पाणी जाई ना!" ती ओरडायची. तो नळ पुन्हा सोडायचा, काही न बोलता बाहेर जायचा. एकदा नाही, दोनदा नाही, पाणी आलं की हेच. माणूस पाण्याचाही कंजूष आहे, असं तिने कायमचं ठरवून टाकलं होतं.

पण या सगळ्याहून खोल सल आखाजीचा. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खान्देशात लेकींचा सण. भाऊ मुराळी होऊन येतो, बहिणीला माहेरी नेतो. झोके, गाणी, आमरस, खापरावरचे मांडे. मग जावई येतो, त्याचा मानपान होतो. झुंबरबाईचं माहेर धुळ्याच्या पलीकडे, पांझरेकाठी. भाऊ निंबा दरवर्षी न चुकता यायचा. वना मात्र लग्नानंतर एकदाही आखाजीला सासरी गेला नाही. "रजा नही." बस्स. बाकीच्या बहिणींचे नवरे ओसरीवर पाटावर बसून आमरस ओरपायचे, आणि हिच्या नवऱ्याचा पाट भिंतीला उभा. भावजय दरवर्षी विचारायची, "पाव्हणे नही उनात?" आणि ही दरवर्षी हसून सांगायची, "टपाल कोन वाटी?" हसणं कसलं, आवंढाच तो.

तेव्हा वना रिटायर होणार म्हटल्यावर या बाईला किती आनंद झाला असेल, सांगा! मार्चअखेर निवृत्ती आणि नंतर लगेच आखाजी. "यंदा येतस ना?" तिने विचारलं. "हं," वना म्हणाला. त्या एका "हं"वर तिने नवी साडी काढून ठेवली. थैली गेली, माणूस माझा झाला, असा तिचा हिशेब.

निरोपाचा कार्यक्रम पोस्टातच झाला. मेहरूणची निम्मी बीट आली होती. लाडकुंवरबाई आल्या होत्या, किराणा दुकानदाराच्या घरच्या म्हाताऱ्या, नातीचा हात धरून. नात विधी, क्लासमध्ये इंग्रजी शिकवणारी. लताबाईही आली होती, हार घेऊन. झुंबरबाईने तिला पहिल्यांदाच पाहिलं. चारचौघींसारखी बाई, चष्मा, पायाला भेगा. कशाला एवढं जळतोय आपण, असं एक क्षण वाटलं. मग लताबाईने वनाला हार घातला आणि डोळे पुसले, आणि ते वाटणं तिथल्या तिथे विझलं.

विधीने भाषण केलं. म्हणाली, "टपालाला इंग्रजीत पोस्ट म्हणतात तसं मेलही म्हणतात. पोस्ट म्हणजे वाटेवर ठरवून दिलेली जागा. तिथे एक माणूस घोडा बदलायला उभा असायचा, एकाने दुसऱ्याच्या हाती द्यायचं, दुसऱ्याने तिसऱ्याच्या. पण मेल हा शब्द मुळात पत्राचा नव्हेच. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ फक्त थैली. इंग्रजीत आला तोही थैली म्हणूनच. पत्रांची मेल, म्हणजे पत्रांची थैली, असं म्हणता म्हणता थैलीचं नाव आतल्या पत्रांना लागलं. मग ती थैली नेणाऱ्या गाडीला लागलं, म्हणून आपली मेलगाडी. आणि आता फोनवर येतो त्यालाही मेलच म्हणतात, तिथे ना कागद, ना थैली. आमच्या वनाभाऊंनी मात्र शेवटपर्यंत तो शब्द खांद्यावर वागवला." टाळ्या पडल्या. मागून कुणी शहाण्याने विचारलं, लोखंडी कड्यांच्या चिलखतालाही मेल म्हणतात ना? विधी म्हणाली, "तो शब्द दुसऱ्याच घरातला. नाव सारखं, कूळ वेगळं."

झुंबरबाई पहिल्या रांगेत खुर्चीच्या टोकाला बसून ऐकत होती. तिने शेजारणीला कोपर मारलं. "ऐकं का? मी सांगत नव्हती? मूळनी तीच शे. बाकी बठ्ठं मागून उनं!"

मग वना बोलायला उभा राहिला. थैली खांद्याला लावूनच. आणि काय बोलला माणूस! कुणाच्या मुलाची नोकरीची ऑर्डर, कुणाचं अडकलेलं आधार कार्ड, कुणाच्या कुत्र्याने पँट फाडली, सगळं. लोक हसले, रडले. सगळ्यांची नावं घेतली. बायकोचं नाव घेतलं नाही. तिच्याकडे एकदा नजरसुद्धा टाकली नाही. घरी येईपर्यंत रिक्षात झुंबरबाई रस्त्याकडेच बघत होती.

थैली घरी आली. सरकारी नव्हती ती, शेवटची थैली वनाने स्वतः शिवून घेतलेली, म्हणून परत द्यायची नव्हती. पुन्हा त्याच खुंटीला लागली. आणि वना? घरात आणखीच मुका झाला. दिवसभर खुर्चीत. फक्त दहा वाजले की उठायचा, रिकामी थैली खांद्याला लावायचा आणि निघायचा. "कोठे?" "असाच." मेहरूण! पगार नाही, टपाल नाही, आणि हा चालला बीटवर गप्पा मारायला. संध्याकाळी परत. "भूक नही."

आखाजी आठवड्यावर आली तेव्हा एक दिवस वना पेन्शनच्या कामाला गेला, थैली न घेता. आणि नेमकी बोळीत बोहारणीची आरोळी आली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी ती, नेहमीची. झुंबरबाईने खुंटीकडे पाहिलं. थैलीनेही जणू तिच्याकडे पाहिलं. तिने ती काढली, वर वनाचे खाकी शर्टही टाकले, आणि घासाघीस करून एक स्टीलचं पातेलं घेतलं. बोहारीण गेली. झुंबरबाई पातेल्यात आपलं तोंड बघत बसली आणि मोठ्याने म्हणाली, "जाय माय, सुखी ऱ्हाय!"

वना आला. चपला काढल्या, दारामागे बघितलं. "थैली?"

"बोहारणीले दिधी."

वाटलं होतं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान बोलला तरी असता. तो म्हणाला, "बरं." खुर्चीत बसला. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, उठला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चपला आत आणून कोपऱ्यात ठेवून दिल्या. समोर ताट ठेवलं की दोन घास खायचा, काढून घेतलं की हात धुवायचा. झुंबरबाईला हवा होता तो नवरा दिवसभर घरात होता, आणि घरात कुणीच नव्हतं. निंबाचा फोन आला, मुराळी कधी येऊ म्हणून. "पाव्हणे येतीन ना यंदा?" त्याने विचारलं. झुंबरबाईने खुर्चीकडे पाहिलं. तिने फोन ठेवून दिला. हा माणूस असाच बसून राहिला, तर आखाजी कसली आणि काय कसलं? हात दाखवून अवलक्षण केलं होतं आपणच.

ती बोहारणीला शोधायला निघाली. बाजारामागच्या लिंबाच्या झाडाखाली बोहारणी कपडे निवडत बसतात, तिथे ती सापडली. "थैली?" ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मेहरूणात एका बाईने ओळखली हो ती! कुठून आणली, चोरली का, म्हणून माझ्या अंगावर आली. शेवटी घडी न मोडलेली साडी मला दिली आणि थैली ठेवून घेतली."

"कोन बाई?" झुंबरबाईने विचारलं, पण उत्तर तिला आधीच ठाऊक होतं.

"पापडवाली. लताबाई."

देवा! साऱ्या जळगावात दुसरं दार नव्हतं? झुंबरबाई रिक्षा करून मेहरूणला गेली. तिथल्या तलावाचा वारा लागला तरी कानशिलं तापलेली. लताबाई ओट्यावर बिबड्या वाळत घालत होती. शेजारच्या ओट्यावर लाडकुंवरबाई माळ ओढत बसल्या होत्या. झुंबरबाई काही बोलायच्या आत लताबाईनेच चष्म्यातून पाहिलं.

"तुम्ही झुंबरअक्का! या, बसा. गुडघा कसा आहे?"

हिला माझा गुडघा कसा माहीत? झुंबरबाई उभीच राहिली. "थैली द्या मनी," ती म्हणाली. "तुमची साडी मी भरून देईन."

लताबाईने आतून थैली आणली, पण लगेच हातात दिली नाही. "एक बोलू का? राग नका मानू. मला तर बाई तुमचा फार राग यायचा. इतकी वर्षं मी भाऊंना भरीत खाऊ घातलं. बोटं चाटून खायचे आणि शेवटी काय म्हणायचे? 'छान झालंय अक्का, पण आमच्या घरच्या भरताची सर नाही.' दर वेळी! एकदा तरी म्हणावं ना की लताबाई, तुझंच चांगलं! मी वांगी बदलली, मिरची बदलली, काडीकाडीने तुराटीच्या जाळावर भाजून पाहिली. तुमच्यापुढे मी हरलेच."

झुंबरबाई ओट्यावर टेकली.

"आणि ते नळाचं सांग ना तिला," लाडकुंवरबाई माळ थांबवून म्हणाल्या. "वनाभाऊ सांगायचे, आमच्या घरी पाणी येतं तेव्हा बायको गाणं म्हणते. नळाच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, म्हणून मी हळूच नळ बंद करतो. ती ओरडते, पण तेवढी एक ओळ तरी कानात पडते. आमची विधी लहान होती ना, तीसुद्धा विचारायची, आज ओळ ऐकली का हो काका?"

झुंबरबाई रडली. मग तिला असा संताप आला, असा संताप आला, की रडणं मध्येच थांबलं. म्हणजे कौतुक होतं! होतं, आणि सारं मेहरूण ते वाटून खात होतं! या बाईने ऐकलं, त्या म्हातारीने ऐकलं, परकरातल्या पोरीने ऐकलं. जिचं होतं तिच्या वाट्याला काय? "हं" आणि "बरं". आधी तिला थैलीचा मत्सर होता, आता या ओट्यावरच्या प्रत्येक कानाचा वाटायला लागला. "मनं व्हतं ते," ती लताबाईला म्हणाली. "मनं टपाल तुम्ही फोडी खादं!"

लताबाई हसली नाही. तिने थैली झुंबरबाईच्या खांद्याला लावली आणि वर बिबड्यांची पुडी टाकली. "अख्खी खा हो या वेळी," म्हणाली. म्हणजे चुऱ्याचंही त्याने सांगितलं होतं!

दुपारी झुंबरबाई घरी आली तेव्हा वना खुर्चीतच होता. तिने थैली त्याच्या मांडीवर टाकली. "उठा. लावा खांद्याले."

"काबर?"

"लावा म्हणस ना!"

त्याने लावली. तिने त्याला दंडाला धरून उंबऱ्याबाहेर काढलं, आणि स्वतः आत पाट मांडून बसली. बोळीतल्या दोन-चार खिडक्या उघडल्या. उघडू देत. "हाई घर तुमन्या बीटमा शे अशे समजा," ती म्हणाली. "बोला आते."

वना उभा. पट्टा सारखा केला. रिकाम्या थैलीत हात घातला, काढला. मग घसा खाकरून अगदी बारीक आवाजात म्हणाला, "पोस्ट."

"काय खबर शे?"

"अक्का," वनाने सवयीने सुरुवात केली, "आमच्या घरच्या भरताला..."

"ते शिळं झालं! लताबाईले सांगेल शे. नळनं बी नको. जे कोनलेच सांगं नही, ते सांगा."

वनाने बोळीकडे मान वळवली. झुंबरबाईला वाटलं, संपलं, परत मुका झाला. पण खांद्यावर थैली होती. तो बोलू लागला. म्हणाला, लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मी आलो होतो. रजा काढून, नवं धोतर नेसून, तुझ्या गावापर्यंत. निंबाला कळलं नाही, कुणालाच नाही. तुमच्या गल्लीत लिंबाला झोका बांधलेला होता आणि तू झोक्यावर होतीस. गात होतीस, मान मागे टाकून हसत होतीस. मी भिंतीआड उभा राहून बघितलं.

"मनमा उनं," वना म्हणाला, "हाई बाई मना घरमा अशी एकदाबी हासनी नही. माले तुना माहेरनी आग उनी. तसाच मागे फिरनू. मंग दरसाल साहेबले मीच सांगू, माले रजा देऊ नका."

झुंबरबाई त्याच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं ती इथे बसून जळत होती, आणि हा माणूस तिथे, तिच्या हसण्यावर जळत होता. दोघांच्या आगीत एक अख्खा संसार शिजला, आणि कुणी एकमेकाला चव विचारली नाही.

"म्हणजे तुम्हीबी?" तिने विचारलं.

"हं," वना म्हणाला.

"लताबाईले हाई ठाऊक शे?"

"कोनलेच नही."

"लाडकुंवरबाईले?"

"नही ना वं. तुलेच."

झुंबरबाई हसली. आधी ओठांत, मग मोठ्याने, मग मान मागे टाकून, खिडक्यांतल्या बायका ओट्यावर उतरून येईपर्यंत. वना उंबऱ्याबाहेर थैलीचा पट्टा दोन्ही हातांनी धरून तिच्याकडे पाहत होता. या वेळी मध्ये भिंत नव्हती.

आखाजीच्या आदल्या दिवशी दोघं धुळ्याच्या बसस्टँडवर उतरली. निंबा घ्यायला आला होता. बहिणीमागून पाव्हणे उतरताना बघून तो एवढा गडबडला की पाया पडायचंही विसरला. मग लगबगीने बहिणीच्या खांद्यावरची खाकी थैली घ्यायला पुढे झाला. आत बिबड्या होत्या.

झुंबरबाईने त्याचा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ दे भाऊ. मनी सवत शे, मीच सांभाळसू."